स्तुती नको, रिपोर्ट द्या

"आपल्याबद्दल थोडं सांगा."

मुलाखतीतला हा पहिला आणि सगळ्यात सोपा समजला जाणारा प्रश्न. अंधारात गस्त घेऊन गेलेला आणि सगळी माणसं सुखरूप परत आणलेला हवालदार या तीन शब्दांपुढे गप्प होतो. नाव सांगतो, गाव सांगतो, "फौजेत बावीस वर्षं नोकरी केली सर," म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसतो. समोरच्याला वाटतं, याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मग त्याला गेटवर उभं केलं जातं. गेटवरचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याने पन्नास-साठ गाड्यांचा ताफा, त्यांचे ड्रायव्हर, त्यांचं डिझेल आणि त्यांचे कागद सांभाळले, त्याला फक्त अडसर वर-खाली करायला ठेवणं हे त्या कंपनीचंही नुकसान आहे आणि त्याच्या घरचंही.

सध्या माझं पोस्टिंग उत्तर बंगालमध्ये, डुआर्सच्या चहाच्या मळ्यांच्या पट्ट्यात आहे. युनिट मिश्र आहे. सातारा, बेळगाव, गढवाल, मदुराई, सगळीकडची माणसं. वर्षभरात पेन्शन जाणाऱ्यांबरोबर मी रविवारी सकाळी तासभर बसतो. बहुतेक जण येताना मोबाइलमध्ये एक यादी घेऊन येतात: हमखास विचारले जाणारे पन्नास प्रश्न आणि त्यांची उत्तरं. उत्तरं इंग्रजीत, पाठ करायला सोपी, आणि कुणाच्याही तोंडी चालतील अशी. एक नायक मला घडाघडा म्हणून दाखवत होता की त्याची कमजोरी म्हणजे तो 'परफेक्शनिस्ट' आहे. मी हिंदीत विचारलं, "इसका मतलब?" तो म्हणाला, "साहब, मतलब तो नहीं देखा. लेकिन सब यही बोलते हैं."

माझं म्हणणं या 'सब यही बोलते हैं' बद्दल आहे. मुलाखतीची तयारी करायलाच हवी, आणि भरपूर करायला हवी. पण आपली माणसं चुकीच्या गोष्टीची तयारी करतात. ती वाक्यं पाठ करतात. तयारी आपल्याच नोकरीच्या हिशेबाची करायला हवी.

आम्ही अधिकारी मंडळी सोळाव्या-सतराव्या वर्षी एसएसबीला बसलो. पाच दिवसांची निवड. त्यात साठ शब्द दाखवतात, एकेका शब्दाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग देतात, तीस मिनिटांत उत्तरं लिहायची. आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्ही स्वतः काय म्हणता, तेही लिहायचं. मग मुलाखत, आणि मैदानावरची कामं. तिथे एक जुनं सूत्र सांगतात: मनसा, वाचा, कर्मणा. मानसशास्त्रज्ञाला कागदावर दिसलेला मुलगा, मुलाखतीत बोललेला मुलगा आणि मैदानावर धावलेला मुलगा एकच आहे का, एवढंच बोर्ड बघतं. क्लासमध्ये घोटलेली उत्तरं घेऊन येणाऱ्याचं कागदावर जमतं, मुलाखतीतही जमतं. मैदानावर फळी आणि दोर हातात आल्यावर त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो. खडकवासल्याला माझ्या बरोबर आलेली बरीच मुलं क्लास न करता आलेली होती. क्लास केलेलीही होती. पण त्यांनी तिथे स्वतःकडे नीट बघायला शिकून घेतलं होतं.

कंपनीच्या मुलाखतीत फळी आणि दोर नसतात. तिथे ते काम दुसरा प्रश्न करतो. "तुमची ताकद काय?" याला पाठ केलेलं उत्तर चालून जातं: "लीडरशिप." मग समोरचा म्हणतो, "एखादं उदाहरण द्या." इथे पाठांतर संपतं. ज्याच्याकडे खरं उदाहरण आहे तोसुद्धा अडखळतो, कारण त्याने ते कधी तोंडाने सांगितलेलंच नसतं.

का सांगितलेलं नसतं, हे समजून घेतलं पाहिजे. फौजेत माणसाला स्वतःबद्दल बोलायची वेळच येत नाही. त्याच्याबद्दल दुसरे लिहितात. वार्षिक गोपनीय अहवाल कंपनी कमांडर लिहितो, कोर्सचा ग्रेड शाळा लिहिते, शाबासकीची शिफारस साहेब करतात. 'मी' हा शब्द आपल्याकडे जवळपास शिवीसारखा आहे. टोळीने केलं, सेक्शनने केलं, पलटणीने केलं. त्यात आपल्या मराठी घरातले संस्कार: स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. हे सगळं चांगलंच आहे, मला त्यात बदल नको आहे. पण समोरच्याकडे वीस मिनिटं आहेत आणि त्याने तुमचा अहवाल वाचलेला नाही.

माझे काही सहकारी म्हणतात, "अरे, काम बोलतं. मुलाखतीत बोलायला शिकवणं म्हणजे नाटक शिकवणं." काम बोलतं, हे युनिटमध्ये खरं आहे, कारण तिथे सीओ तुम्हाला दोन-अडीच वर्षं रोज बघतो. अनोळखी ऑफिसात काम बोलत नाही. ते मागे युनिटमध्येच राहिलेलं असतं. राहिला नाटकाचा प्रश्न. आपल्याला नाटक यायची गरज नाही. आपल्याला रिपोर्ट देता येतो. गस्तीवरून आल्यावर जवान कधी म्हणत नाही की मी फार शूरपणे चाललो. तो सांगतो: कधी निघालो, किती जण होतो, काय दिसलं, काय केलं, काही कमी-जास्त झालं का, किती वाजता परत आलो. ते ऐकून साहेबाला माणूस कळतो. मुलाखतीत हेच करायचं आहे. स्तुती करायची नाही, रिपोर्ट द्यायचा.

आता नेहमीचे प्रश्न एकेक करून बघू.

"आपल्याबद्दल सांगा." यात गाव आणि कुटुंब एका वाक्यात, बाकी काम. पण आधी आपले हुद्दे नागरी भाषेत आणा. 'हवालदार' म्हटलं की आपल्याकडे चौकीतला पोलीस आठवतो, 'सुभेदार' म्हटलं की पेशवाई, आणि 'नायक' म्हटलं की सिनेमा. सीक्यूएमएच या अक्षरांचा तर बाहेर कुणालाच पत्ता लागत नाही. तेव्हा असं सांगा: "शेवटची तीन वर्षं शंभरेक माणसांचे कपडे, रेशन आणि सामान माझ्या ताब्यात होतं. रोजची आवक-जावक लेजरला चढवायची, दरवर्षी अधिकाऱ्यांचं बोर्ड येऊन मोजणी करायचं. तीन वर्षांत एकदाही तूट निघाली नाही." हे एका दमात सांगून होतं. गोदामाचा मॅनेजर शोधणारा माणूस हे ऐकून पुढे सरकून बसतो. अर्थात, तूट निघाली असेल तर नाही निघाली म्हणू नका. का निघाली आणि मग काय बदललं ते सांगा. तेही चांगलं उत्तर आहे.

"नोकरी का सोडली?" बाहेरच्या अनेकांना माहीतच नसतं की फौज स्वतःला तरुण ठेवण्यासाठी जवानांना चाळिशीच्या आसपासच घरी पाठवते. त्यांना शंका येते, काही भानगड तर नाही? अपमान वाटून घेऊ नका. "माझ्या हुद्द्याची ठरलेली सेवा पूर्ण झाली, पंधरा वर्षांनंतर पेन्शन लागू होते, सेवापुस्तकात आचरणाचा शेरा आहे, तो आपण बघू शकता." एवढं पुरे.

"शिक्षण किती?" इथे आपला माणूस "बारावी" म्हणून मान खाली घालतो. बारावीच सांगा, पण तिथे थांबू नका. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर दहावी झालेल्या माजी सैनिकाला सरकारी गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं मानण्याची तरतूद आहे. ते प्रमाणपत्र घेतलं असेल तर बरोबर ठेवा. खाजगी कंपनी ते मानेलच असं नाही. म्हणून फौजेत केलेले कोर्स सांगा, प्रत्येक कोर्स किती आठवड्यांचा होता आणि त्यात काय शिकलात तेही सांगा.

"तुमची कमजोरी?" यादीतलं उत्तर विसरा. खरी कमजोरी सांगा आणि तिच्यावर काय चाललंय ते सांगा. "कॉम्प्युटरवर हात हळू चालतो. चार महिन्यांपासून एक्सेल शिकतोय, आता हजेरीपट आणि स्टॉकचा तक्ता स्वतः करतो." यात लाज काहीच नाही. आणि समोरच्याने कॉम्प्युटर पुढे सरकवला तर करून दाखवता आलं पाहिजे. मनसा, वाचा, कर्मणा.

"तुम्ही शिस्तीतली माणसं. अठ्ठावीस वर्षांच्या मॅनेजरच्या हाताखाली चालेल का?" हा प्रश्न हल्ली फार येतो, आणि याचं उत्तर आपल्याइतकं चांगलं कुणाकडेच नाही. पलटणीत बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट येतो. त्याच्या वयाइतकी नोकरी झालेला सुभेदार त्याला साहेब म्हणतो, त्याचा हुकूम मानतो, आणि चुकत असेल तर चार लोकांत न बोलता बाजूला घेऊन सांगतो. मी तो लेफ्टनंट होतो. मला नकाशा अकादमीने शिकवला, पण माणसं एका सीनियर जेसीओने शिकवली. ज्याने असे दोन-चार लेफ्टनंट घडवलेत त्याने या प्रश्नाला नुसतं "चालेल सर" म्हणणं म्हणजे हातातली बंदूक खांद्यावर टाकून बसणं. प्रसंग सांगा.

"पगाराची अपेक्षा?" आणि त्याच्याच मागून येणारं, "तुम्हाला पेन्शन तर मिळतेच ना?" इथे भले भले ढिले पडतात. पेन्शन मागे केलेल्या कामाची आहे. पगार पुढे करायच्या कामाचा आहे. पेन्शन म्हणजे कंपनीला द्यायची सूट नव्हे. नम्रपणे, हसून, पण स्पष्ट सांगा. आणि जाण्याआधी त्या शहरात त्या कामाला काय मिळतं हे दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवा, म्हणजे आकडा हवेतला वाटणार नाही.

"बॉर्डरवर काय काय केलं? कधी गोळीबार झाला का?" कुतूहलाने विचारतात, वाईट हेतू नसतो. पण ठिकाणं, तैनाती, संख्याबळ, ऑपरेशनचा तपशील हे सांगायचं नाही. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, १९२३ गणवेश उतरवल्यावर सुटत नाही. "त्या जागेबद्दल बोलता येणार नाही, माझ्याकडे काम काय होतं ते सांगतो," असं म्हणा आणि आपल्या कामावर या. ज्याच्या गोदामाच्या किल्ल्या तुमच्याकडे यायच्या आहेत, त्याला हे उत्तर आवडतंच.

आणखी एक, प्रश्न नसलेली गोष्ट. खुर्चीत सावधान बसू नका आणि प्रत्येक वाक्याला दोनदा सर लावू नका. समोरचा अवघडतो. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलता तसं बोला.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, साहेब, तुम्हीही शेवटी उत्तरांची यादीच दिलीत. म्हणून सांगतो, यातलं एकही वाक्य पाठ करू नका. हल्ल्याच्या आधी आपण सँड मॉडेल करतो. माती, चुना, दोऱ्या, काडेपेट्या घेऊन जमीन मांडतो: टेकडी कुठे, नाला कुठे, दुश्मनाची मशीनगन कुठून बोलू शकते. शत्रू काय करणार हे त्यात कुणी पाठ करत नाही. जमीन इतकी ओळखीची करतो की रात्री काहीही झालं तरी पाय कुठे ठेवायचा ते कळावं. मुलाखतीचं तसंच. प्रश्न काय येईल ते त्याच्या हातात आहे. जमीन आपली आहे.

ती मांडायची कशी? एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पोस्टिंगला एक पान. त्यावर चार गोष्टी: माझ्या ताब्यात काय होतं, किती होतं, काय अडचण आली, मी काय केलं आणि त्याने काय फरक पडला. नोकरीच्या बावीस वर्षांची दहा-बारा पानं होतील. पहिल्या दिवशी काही सुचत नाही. तिसऱ्या दिवशी झोप लागत नाही, इतकं आठवतं. मग ती पानं घरी फोनवर मुलीला किंवा बायकोला वाचून न दाखवता सांगा. एकही फौजी शब्द वापरायचा नाही. तिला कळलं तर कंपनीवाल्यालाही कळेल. रविवारच्या तासात मी हेच करून घेतो. मदुराईकडचा एक हवालदार दीड महिना गप्प बसायचा. वही भरल्यावर एका सकाळी त्याने पुराच्या वेळी बंद पडलेल्या गाड्या चालू ठेवल्याची हकीकत तुटक्या हिंदीत सांगितली. सांगून झाल्यावर आपणच चकित होऊन म्हणाला, "साहब, ये तो मैंने किया था."

या एका वाक्यासाठी ही सगळी खटपट आहे. नोकरी मिळणं महत्त्वाचं आहेच. मुलांच्या फिया आहेत, घराचा हप्ता आहे. पण चाळिशीच्या माणसाने आयुष्याचा अर्धा भाग कशात घालवला हे त्याचं त्याला नीट सांगता येऊ नये, ही गोष्ट मला जास्त टोचते.

सरकारी वाट आहे, पण अरुंद आहे. केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के आणि सार्वजनिक उपक्रमांत त्याच गटात १४.५ टक्के आरक्षण आहे. केंद्रातल्या गट ब अराजपत्रित आणि त्याखालच्या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या, तिथे लेखी परीक्षा आहे. म्हणजे मुलाखत जिथे निर्णायक ठरते ती जागा मुख्यतः खाजगी क्षेत्राची, आणि आपली बहुतेक माणसं तिथेच जाणार आहेत. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीआधी कोर्स देतं, ते जरूर करावेत. पण प्रमाणपत्र दारापर्यंत नेतं. आत जाऊन बोलायचं असतं आपल्यालाच.

आणि आता वेळही कमी आहे. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. बाहेर पडणारी ही मुलं बावीस-पंचवीस वर्षांची असतील, पेन्शन नसेल, आणि त्यांच्यापुढे मुलाखतीची खुर्ची असेल. वही त्यांनी पहिल्या वर्षापासून लिहायला हवी.

म्हणून दोन विनंत्या. पहिली माझ्यासारख्या वर्दीतल्या अधिकाऱ्यांना. आपण फायरिंगची रिहर्सल घेतो, परेडची घेतो, बड्या साहेबांच्या भेटीत चहा कोण देणार याचीसुद्धा घेतो. जो माणूस वीस वर्षं आपल्या शब्दावर उठला-बसला, त्याच्या शेवटच्या वर्षात आठवड्यातून एक तास त्याच्या रिहर्सलला द्या. त्यासाठी बजेट लागत नाही, वरून पत्र यावं लागत नाही. दोन खुर्च्या लागतात.

दुसरी विनंती वाचणाऱ्या माजी सैनिकांना. तुमच्यातले अनेक जण पुण्यात, नाशकात, चाकणच्या कारखान्यांत, बंगळुरूच्या कंपन्यांत चांगल्या जागी आहात. काही जण तर खुर्चीच्या पलीकडे बसून मुलाखती घेता. खरे प्रश्न तुम्हालाच माहीत आहेत. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि सांगा की महिन्यातून एकदा मी दोन तास देतो, पेन्शन आलेल्या पोरांना माझ्यापुढे बसवा. त्यांना उत्तरं देऊ नका. प्रश्न विचारा, आणि गप्प बसून ऐका. पहिली पाच मिनिटं तो "फौजेत नोकरी केली सर" एवढंच म्हणेल. थांबा. पुढचं त्याच्याकडे आहे.

जय हिंद.